‘आयला’ हे नाव बाळीवेशीत चालेल का?

“मावशी, मी सोलापूरच्या बाळीवेशीत राहते. माझ्या भावाला मुलगी झाली, शुक्रवारी पहाटे. भाऊ-वहिनी दोघंही पुण्यात कंपनीत. वहिनीचं माहेर अशोक चौकात, त्यांच्या घरात तेलुगू. आमच्या घरात कानडी आणि मराठी एकाच ताटात. सव्वा महिना संपला, येत्या रविवारी बारसं. आत्या मी एकटीच, म्हणजे कानात नाव सांगायचं काम माझ्यावर. भावाला ‘जगात कुणाचं नसेल’ असं नाव पाहिजे. मोबाइलवर शोधून त्यानं यादी पाठवली: मायरा, नायरा, कियारा, आयला, सीर्शा, नेरेआ. प्रत्येकीपुढं गोड गोड अर्थ लिहिलेत, बहुतेकींपुढं ‘संस्कृत’ असंही. माझ्या आईला आमच्या आजीचं, कल्लव्वाचं, नाव पाहिजे. भाऊ म्हणतो, ‘दगड’ हा काय अर्थ झाला का? आता मला सांगा, या यादीतले अर्थ खरे आहेत का? आणि मला पटलं नाही तरी ते नाव मी कानात सांगायलाच पाहिजे का?
बाळीवेशीतली एक आत्या”

आत्याबाई,

दुसरा प्रश्न आधी घेते, त्याला फार वेळ लागणार नाही. सांगायलाच पाहिजे असं काही नाही. ‘कुर्रर्र’ करून नाव सांगितलं की पोरंबाळं धपाटे घालतात ते तुझ्या पाठीत, भावाच्या नव्हे. मार खाणाऱ्याला मत असतं. आमच्या वेळी आत्यानं नाव काढायचं आणि बापानं घुगऱ्यांचे हरभरे आणायचे, एवढी सरळ वाटणी होती. मोबाइल आला आणि बापांना मतं फुटली.

आता यादी. मी सोलापुरातल्या एका शाळेत तीसएक वर्षं हजेरी घेतली. कानडी, तेलुगू, मराठी, उर्दू, सगळ्या घरांतली पोरं एका बाकावर. नाव अर्थावरून नाही, हाकेवरून पारखायचं, हे मी तिथं शिकले. म्हणून आधी आयला घेते, कारण पत्र वाचताना माझा चहा तिथंच सांडला.

आयला हे तुर्की नाव आहे आणि त्याचा अर्थ खरोखर सुंदर आहे. तुर्कीत ‘आय’ म्हणजे चंद्र. आपण ‘चंद्राला खळं पडलंय’ म्हणतो ना, त्या खळ्याला, त्या उजेडाच्या कड्याला आयला म्हणतात. इस्तंबूलमध्ये कुणी या नावाला हसणार नाही. पण तू एक कर. संध्याकाळी गॅलरीत उभी राहा आणि खाली खेळणाऱ्या पोरीला बोलवायचं आहे असं समजून मोठ्यानं हाक मार: “आयलाऽऽ!” समोरचा पानवाला वर बघेल आणि विचारेल, काय सांडलं वहिनी? तो शब्द शिवी नाही, पण शिवीच्या उंबऱ्यावर बसलेला आहे. शाळेत बाईंनी हजेरीला हे नाव घेतलं की चाळीस पोरं खिदळणार, रोज, दहा वर्षं. तुझ्या भावानं हा विचार केला नाही, कारण हिंजवडीत कुणी कुणाला गॅलरीतून हाक मारत नाही.

मायरा. यादीत हिच्यापुढं ‘संस्कृत: प्रिय’ लिहिलंय का? नक्की लिहिलं असणार. संस्कृतचा हिच्याशी काही संबंध नाही. फल्क ग्रेव्हिल नावाचा एक इंग्रज कवी होऊन गेला, १५५४ ते १६२८. त्यानं आपल्या प्रेमकवितांतल्या बाईसाठी हे नाव तयार केलं. ‘मेरी’तली अक्षरं त्यानं इकडंतिकडं केली असं काही जण मानतात, काही जण म्हणतात की लॅटिनमधल्या ‘मिऱ्हा’वरून घेतलं. हा मिऱ्हा म्हणजे कोण? बाळंतिणीला देतात तो हिराबोळ! तुझ्या वहिनीनं या सव्वा महिन्यात तो तोंड वाकडं करून खाल्ला असेल. भावाला म्हणावं, मायरा ठेवायचं तर अर्थ ‘हिराबोळ’ सांगावा लागेल पाहुण्यांना.

नायराची गंमत याहून मोठी. बोलिव्हिया आणि पेरू या देशांत, तितिकाका सरोवराच्या काठानं, आयमारा भाषा बोलणारे लोक राहतात. त्यांच्याकडं ‘नायरा’ म्हणजे डोळा. आणि तोच शब्द पुढच्या बाजूला, आणि होऊन गेलेल्या काळालाही. आपण म्हणतो भविष्य पुढं आहे आणि भूतकाळ मागं राहिला. त्यांचं उलट. जे होऊन गेलं ते आपण पाहिलंय, म्हणून ते डोळ्यांसमोर; जे व्हायचंय ते दिसत नाही, म्हणून ते पाठीमागं. आयमारा माणूस आजोबांबद्दल बोलताना हात पुढं करतो. त्या हिशोबानं तुझी कल्लव्वा आजी पाळण्यासमोर उभी आहे आणि पोरीचं शिक्षण, नोकरी, लग्न सगळं तिच्या पाठीमागं. मला हे फार आवडलं. आर्मेनियातही नायरा आहे, पण ती वेगळी: त्या डोंगराळ मुलखाला असिरियन लोक ‘नाइरी’ म्हणत, त्यावरून आलेली. आणि नायजेरियात १९७३ पासून चलनाचं नाव नायरा आहे. पोरगी उद्या लागोसला नोकरीला गेली तर दुकानदार तिच्याच नावानं सुट्टे मागणार. आपल्याकडं मात्र हे नाव बोलिव्हियातून आलं नाही आणि आर्मेनियातूनही नाही. ते हिंदी मालिकेतून आलं, त्यामुळं ‘जगात कुणाचं नसेल’ ही अट तिथंच संपली. तुमच्या सोसायटीत जिना उतरेपर्यंत दोन भेटतील.

कियाराचंही तेच. इटलीत ‘क्यारा’ म्हणजे उजळ, स्वच्छ. असिसीची तेराव्या शतकातली संत क्लारा ती हीच. आयर्लंडमध्ये ‘कीरा’ म्हणजे काळी, कारण तिथल्या जुन्या भाषेत ‘कीर’ म्हणजे काळा. दोन्हींची सरमिसळ होऊन आपल्याकडं कियारा आली. एका नावात उजेडही आणि अंधारही, आणि यादीवाल्यानं त्यापुढं काहीतरी तिसरंच लिहिलेलं असणार.

हे अर्थ कोण लिहितं, असं तुला वाटेल. एक जण लिहितो आणि बाकीचे उतरवून घेतात. पाठ्यपुस्तकातली चूक पोरांच्या वहीत दिसावी तशी एकच चूक सगळीकडं. ‘संस्कृत’ लिहिलं की आजी गप्प बसते, हे त्यांना बरोबर ठाऊक आहे. उलटंही होतं बरं का. मिहिर हे नाव आपण अगदी शुद्ध, सोवळं समजतो. सूर्य! वराहमिहिराचं नाव! पण हा शब्द संस्कृतात इराणकडून आला, तिकडच्या ‘मिह्र’ या सूर्यदेवाच्या नावावरून. आपल्या वैदिक मित्राचा हा इराणी भाऊ परदेश फिरून घरी आला आणि आपण ओळखलं नाही. हैबतराव आणि दौलतराव अरबी शब्द डोक्यावर घेऊन मराठी फेट्यात वावरले. शहाजी आणि शरीफजी ही नावं नगरच्या शाह शरीफ या पिरावरून ठेवली असं सांगतात. तेव्हा परदेशी नाव नको असं मी म्हणणार नाही. तसं म्हटलं तर निम्मा मराठी इतिहास नावं बदलायला रांगेत उभा करावा लागेल.

सीर्शा मला पटते, पण तिच्यात एक काटा आहे. आयरिश भाषेत तिचा अर्थ स्वातंत्र्य. जुन्या संतांचं किंवा राणीचं हे नाव नव्हे. विसाव्या शतकात देश इंग्रजांशी झगडत होता त्या काळापासून लोक मुलींना हे नाव ठेवायला लागले. सोलापूरकराला हे समजावून सांगावं लागू नये. १९३० च्या मे महिन्यात तीन-चार दिवस इथं इंग्रजांचं राज्य नव्हतं, मग मार्शल लॉ आला आणि १२ जानेवारी १९३१ ला चौघांना फाशी झाली. मल्लप्पा, श्रीकिसन, जगन्नाथ, कुर्बान. चार हुतात्मा चौकातून जाताना ही चार नावं कधी नावं म्हणून वाच. मल्लप्पातला ‘अप्पा’ कानडी, कुर्बान अरबी आणि अर्थ बलिदान. चार घरं, एक फळा. तर सीर्शा म्हणजे आपली मुक्ता. काटा असा की इंग्रजीत तिचं स्पेलिंग वाचणारा ‘साओइर्स’ म्हणणार, आणि खुद्द आयर्लंडमध्येही कुणी सीर्शा म्हणतं, कुणी सर्शा. आधार कार्डाच्या खिडकीपाशी तुझी वहिनी किती वेळा उभी राहणार? चुकून पडलेलं नाव कधी कधी चिकटतं म्हणा. शेक्सपिअरच्या एका नाटकातली नायिका मूळ ‘इनोजेन’ असावी आणि १६२३ च्या छपाईत ‘न’चा ‘म’ होऊन ती ‘इमोजेन’ झाली, असं अभ्यासक मानतात. आज इंग्लंडात इमोजेन नावाच्या मुली आहेत. पण आपल्या कार्यालयात झालेली चूक अशी कौतुकानं मिरवता येत नाही, ती दुरुस्त करायला प्रतिज्ञापत्र लागतं.

राहिली नेरेआ. यादीतलं हे एकच नाव बघून मी थांबले. स्पेन आणि फ्रान्सच्या सीमेवर बास्क लोक राहतात, त्यांच्या भाषेला जगात सख्खं नातेवाईक सापडत नाही. त्या भाषेत नेरेआ म्हणजे ‘माझी’. बस्, एवढंच. सातारा जिल्ह्यात २०११ साली ऑक्टोबरमध्ये २८५ मुलींची नावं एका कार्यक्रमात बदलली गेली होती, आठवतं? त्या सगळ्यांचं नाव नकुसा किंवा नकोशी होतं. घरच्यांनी ठेवलेलं, हजेरीत रोज पुकारलेलं. माझ्या वर्गातही एक नकुसा होती. हजेरीत तिच्या नावाशी आले की मी आवाज खाली आणायची, पण त्यानं काय होतं. जगाच्या एका टोकाला मुलीच्या कपाळी ‘नको’ लिहितात आणि दुसऱ्या टोकाला ‘माझी’. म्हणून नेरेआवर माझा जीव आहे. एक गोष्ट तेवढी तपासून घे. कानडीत ‘नेरे’ म्हणजे शेजार आणि नदीला आलेला पूरसुद्धा. तेलुगूत ‘नेरम्’ म्हणजे गुन्हा. तुमच्या बारशाला तीन भाषांचे कान येणार आहेत. नाव ठरवायच्या आधी दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांसमोर ते एकदा मोठ्यानं म्हण आणि त्यांच्या भुवयांकडं बघ.

आता कल्लव्वा. खरं तर मला बोलायचंय ते इथंच.

कानडीत ‘कल्लु’ म्हणजे दगड. भाऊ बरोबर सांगतोय. पण दगड का? सहावीच्या वर्गात माझ्याकडं एक मुलगा होता, पेंटय्या. हजेरीत त्याचं नाव आलं की तो खाली बघूनच ‘हजर’ म्हणायचा, बाकावर नख घासत. वहीवर नाव लिहायचा ते नुसतं ‘पें.’ तेलुगू पोरं हसायची, कारण ‘पेंट’ म्हणजे उकिरडा, शेणकचऱ्याचा ढीग. एकदा त्याची आई शाळेत आली. बिड्या वळून वळून तिची बोटं तंबाखूनं पिवळी झालेली. मी जरा रागानंच विचारलं, असं कसं नाव ठेवलं हो पोराचं? ती म्हणाली, बाई, याच्या आधीची तीन गेली. हा झाला तेव्हा सासूनं त्याला सुपात घालून घरामागच्या उकिरड्यावर ठेवला. शेजारणीनं उचलला, आणि मी तिला मूठभर कोंडा देऊन तो विकत घेतला. देवाला वाटावं, टाकलेलं पोर आहे, याला कशाला न्यायचं. एवढं सांगून तिनं पदरानं नाक पुसलं आणि फीचे पैसे मोजून दिले.

त्या दिवसापासून मला हे नाव हसू आणत नाही. आणि ते एकटं नाही. मराठीत दगडू, धोंडू, केरबा, कचरू, भिकाजी. कानडीत तिप्पण्णा, कारण तिप्पे म्हणजे उकिरडा. सगळ्यांच्या मागं एक घाबरलेली आई आहे. मंगोलियात ती आई मुलाचं नाव ‘नेर्गुई’ ठेवते, म्हणजे ‘नाव नाही’. किंवा ‘एनेबिश’, म्हणजे ‘हा नव्हे’. किंवा सरळ ‘हुनबिश’, ‘माणूसच नव्हे’. भुतंखेतं यादी घेऊन आली तर त्यांनी गोंधळून परत जावं. नायजेरियातली योरुबा आई दटावत नाही, विनवते. मूल होऊन होऊन जात असेल तर पुढच्याला ‘मालोमो’ म्हणते: आता परत जाऊ नकोस. ‘दुरोजाइये’: थांब, जगण्याची मजा घे. ‘कोकुमो’: आता हा मरायचा नाही. अशोक चौकातली पेंटय्याची आई या बायकांना कधी भेटली नाही, पण भेटली असती तर दुभाष्या लागला नसता.

आणि तू रविवारी काय करणार आहेस? बाळाला पाळण्यात घालायच्या आधी वरवंटा धुऊन, कुंची घालून, ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ म्हणत पाळण्याखालून वरून फिरवणार. पाळण्यात आधी दगड, मग बाळ. तुझ्या भावाला दगड नको असेल तर त्या वरवंट्याचं काय करायचं तेही त्यालाच विचार.

शिवाय दगड म्हणजे गावंढळ असं ज्याला वाटतं त्यानं जरा जगाची हजेरी घ्यावी. पीटर म्हणजे काय? ग्रीक ‘पेट्रोस’, दगड. येशूनं आपल्या शिष्याला आरामी भाषेत ‘केफा’ म्हटलं, खडक, त्याचं ग्रीक भाषांतर हे. फ्रान्समध्ये तो पिएर, स्पेनमध्ये पेद्रो, इटलीत पिएत्रो, रशियात प्योत्र. सगळे दगडू. संगीतकार चायकोव्हस्की हाही दगडूच. आणि बायकांत पेट्रा. पेट्रा क्विटोवा या चेक खेळाडूनं २०११ आणि २०१४ अशी दोनदा विम्बल्डन जिंकली. कल्लव्वानं विम्बल्डन जिंकली, असं म्हणून बघ, तुझी आई खूश होईल.

पेंटय्याचं पुढं काय झालं ते सांगते. दहावीच्या फॉर्मवर त्यानं नाव बदलून प्रशांत केलं. मीच सही केली. काही वर्षांनी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्यानं टॉवेलचे माग टाकले. लग्नपत्रिका द्यायला आला तेव्हा पत्रिकेवर प्रशांतच होता. पण मुंबईला जाणाऱ्या मालाचा गठ्ठा त्याच्या टेम्पोत होता, आणि त्यावर निळ्या शाईत ठळक ‘पेंटय्या’. मी बघत राहिले तसा हसला. “बाई, व्यापाऱ्यांना प्रशांत पन्नास माहितेत. पेंटय्या एकच.”

दुर्मिळ नाव म्हणतात ते असं असतं बघ. कोफी ऐकलं की आपल्याला केवढं अनोखं वाटतं. संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान! पण घानातल्या अकान लोकांत शुक्रवारी जन्मलेला प्रत्येक मुलगा कोफी. अन्नान जन्मले तो ८ एप्रिल १९३८, शुक्रवार. त्यांच्याबरोबर जन्मलेली जुळी बहीण एफुआ, तोच शुक्रवार बाईच्या रूपात. तिकडं मैदानात ‘कोफी’ म्हणून हाक मारली तर दहा जण वळून बघतील. नेपाळच्या शेर्पांत शुक्रवार म्हणजे पासांग. १९९३ मध्ये एव्हरेस्ट चढलेली पहिली नेपाळी बाई पासांग ल्हामू, तीही शुक्रवारचीच. मंगोलियात बासान. आपल्याकडं नाही का, सोमा, मंगळ्या, बुधाजी? तुमची पोरगी शुक्रवारची आहे म्हणून हे सुचलं. उलट सिद्राम घे. सोलापुरात सिद्धेश्वराच्या कृपेनं गल्लीत दोन सिद्राम, गड्ड्याच्या यात्रेत हाक मारली तर नंदीध्वज धरलेलेही मान वळवतील. तोच सिद्राम हिंजवडीत नेऊन बसव. कंपनीत एकटा!

जगात कुणाचं नसेल असं नाव पाहिजेच असेल तर तेही सोलापूरनं करून दाखवलंय. डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस इथलेच, जन्म १० ऑक्टोबर १९१०. जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला १९३८ साली काँग्रेसनं पाच डॉक्टर पाठवले, त्यात ते होते. पाचही जणांनी आपापलं चिनी नाव घेतलं आणि प्रत्येकाच्या शेवटी ‘हुआ’ जोडलं. हुआ म्हणजे चीन. कोटणीस झाले ‘के दीहुआ’. तिथल्याच गुओ चिंगलान या परिचारिकेशी त्यांनी लग्न केलं आणि ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचं नाव ‘यिनहुआ’. चिनी भाषेत भारत म्हणजे यिंदू, त्यातला ‘यिन’ बापाचा, ‘हुआ’ आईचा. चार महिन्यांच्या आत, ९ डिसेंबरला, डॉक्टर गेले. दोन अक्षरांत दोन देश बसवलेलं हे नाव यादीतून उचललेलं नव्हतं, त्या घरातूनच निघालं. भाऊ-वहिनी बारशाला आले की त्यांना एकदा कोटणीस स्मारकात घेऊन जा. भैय्या चौक काही लांब नाही.

घाई मात्र करू नका. आइसलँडमध्ये नाव सरकारी यादीत नसेल तर समितीपुढं जावं लागतं. १९९१ पासून तशी समितीच आहे. तिथं एका मुलीचं नाव आईनं ‘ब्लाइर’ ठेवलं, अर्थ वाऱ्याची झुळूक. शब्द व्याकरणात पुल्लिंगी म्हणून नामंजूर! पंधरा वर्षं सरकारी कागदावर तिचं नाव नुसतं ‘मुलगी’ असं होतं. जानेवारी २०१३ मध्ये कोर्टानं तिला तिचं नाव दिलं. जपानमध्ये १९९३ साली एका बापानं मुलाचं नाव ‘आकुमा’ म्हणजे सैतान ठेवायला काढलं, नगरपालिकेनं अडवलं, प्रकरण कोर्टात गेलं, आणि शेवटी दुसरं नाव ठेवलं. आपल्याकडं असा कुणी दारात उभा नाही. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, ती दवाखान्यातून झाली असेल. नाव मागाहून घालता येतं: बारा महिन्यांच्या आत फुकट, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. पण एकदा घातलं की बदलायला राजपत्र लागतं. शिवाय १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या बाळाच्या कागदावर महाराष्ट्रात आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. चारही एका दमात म्हणून बघा. वहिनीचं नाव ‘आ’नं सुरू होत असेल तर नेरेआच्या शेपटीला ते चिकटेल.

माझं विचारशील तर पाळण्यातलं नाव कल्लव्वा. घरात कल्लू म्हणा, अव्वा म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. कागदावर नेरेआ, जर दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांच्या भुवया जागेवर राहिल्या तर. नाहीतर मुक्ता, त्यात स्पेलिंगचाही त्रास नाही. आणि रविवारी भाऊ फारच अडून बसला तर त्याला सांग, ‘कल्लव्वा नको तर पेट्रा ठेवू या, एकदम परदेशी आहे, अर्थ तेवढा मोबाइलवर बघ.’ तो खाली मान घालून शोधत असेल तेवढ्यात तू पाळण्यावर वाक.

तुझी मावशी